कोविडच्या लसीनं रक्ताची गुठळी होते का? आधी तारीख सांगा

माझ्या बॅगेत तीन रंगांच्या झाकणांच्या नळ्या कायम असतात: लाल, जांभळी आणि निळी. परळ, लालबाग, शिवडी या पट्ट्यात घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. लाल झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त अर्ध्या तासात घट्ट होऊन बसतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. जांभळ्या आणि निळ्या नळीतलं मात्र तासन्‌तास वाहतं राहतं. त्यात आधीच असं रसायन घातलेलं असतं जे रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि मोकळं कॅल्शियम नसेल तर रक्त गोठत नाही. रक्त गोठणं ही गोष्ट मी रोज हातात धरून बघते, आणि त्याबद्दल लोक काय काय बोलतात तेही रोज ऐकते.

मे २०२४ मधली गोष्ट. लालबागच्या भारतमाता थिएटरच्या मागच्या चाळीत एक टेलरकाका राहतात, त्यांची उपाशीपोटीची साखर तपासायला गेले होते. काका स्टुलावर डावा पाय टाकून बसलेले. पोटरीपासून मांडीपर्यंत सूज, कातडी ताणून चकचकीत झालेली. उजवा पाय अगदी नेहमीसारखा. मी विचारलं, "काका, हे कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस. लसीचं आहे ते. आता तर कंपनीनंच कोर्टात कबूल केलंय. डॉक्टरकडे जाऊन काय उपयोग? आत गेलेली लस काय बाहेर काढणारेत?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही. लसीवर संशय घेतला म्हणून मला काका कधीच चुकीचे वाटले नाहीत. त्या संशयानं त्यांना दहा दिवस घरात बसवून ठेवलं, हे मला लागलं. मी विचारलं, शेवटचा डोस कधी घेतला? ऑक्टोबर २०२१. मधे काही ऑपरेशन? हो, मागच्या महिन्यात हर्नियाचं. नंतर चालत-फिरत होता का? "छे, पडूनच. टाके ओढतील म्हणून घरच्यांनी उठूच दिलं नाही." त्याच दिवशी दुपारी त्यांच्या मुलानं त्यांना दवाखान्यात नेलं. पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली आणि मांडीच्या खोल शिरेत गुठळी सापडली.

आता ही गुठळी होते कशी, ते आधी सांगते. लसीचा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही.

विळीवर बोट कापलं की पाच-सात मिनिटांत रक्त थांबतं. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका जखमेवर येऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिन नावाचे धागे विणले जातात. कोळ्याच्या जाळ्यात मासळी अडकावी तशा लाल पेशी त्या धाग्यांत अडकतात. झाली गुठळी. काम संपलं की शरीर स्वतःच ते जाळं हळूहळू कापून टाकतं. जखम भरून येते ती या व्यवस्थेमुळेच, त्यामुळे गुठळी होणं हा मुळात आजार नाही. चुकीच्या जागी, गरज नसताना ती झाली की आजार होतो.

तशी ती का होते, याची तीन कारणं रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन डॉक्टरच्या नावानं आजही शिकवली जातात. १८५६ च्या सुमारास त्यांनी यावर लिहिलं होतं. रक्ताचा वेग मंदावणं, नळीच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. काकांच्या बाबतीत तिन्ही आली. आयुष्यभर पायानं शिवणयंत्र चालवणारा माणूस. पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलतात. पायडल मारतानाही तेच होतं. तो पंप महिनाभर बंद पडला. ऑपरेशनमध्ये कापाकापी झाली, आणि कापलं की शरीर आपणहून रक्ताची गोठण्याची तयारी वाढवतं. बाळंतपणात, कर्करोगात, काही गर्भनिरोधक गोळ्यांनी, प्लास्टरमध्ये पाय असताना, लांबच्या विमानप्रवासात, आणि काही घराण्यांत जन्मतःच गुठळीचा धोका जास्त असतो.

पायातल्या गुठळीची खरी भीती पायात नसते. तिचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, नाडी धावणं, कधी थुंकीत रक्त, कधी भोवळ. अशा वेळी जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, तिथे लागलीच छातीचा विशेष सीटी स्कॅन करतात. एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं, पाय गरम लागणं एवढ्यावरसुद्धा त्याच दिवशी दाखवायला हवं. आणि कृपा करून सुजलेली पोटरी कुणाकडून चोळून घेऊ नका. आमच्याकडे तेल लावून रगडायची फार सवय आहे.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गुठळ्या दोन घराण्यांच्या असतात. शिरांमधली, म्हणजे परत येणाऱ्या संथ रक्तातली गुठळी फायब्रिनची जास्त. धमन्यांमधली, म्हणजे हृदयातून जोरात सुटणाऱ्या रक्तातली गुठळी प्लेटलेटची जास्त. हार्ट अटॅक बहुतेक वेळा धमनीतला. वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर प्लेटलेट धाव घेतात आणि रस्ता बंद होतो. म्हणून अटॅकच्या पेशंटला अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात, ही प्लेटलेटवरची औषधं. शिरेतल्या गुठळीला वेगळी औषधं लागतात.

ती औषधं म्हणजे लोकांच्या भाषेत "रक्त पातळ करायच्या गोळ्या". शब्द रूढ झालाय, पण त्यामुळे गैरसमजही झालेत. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, आणि झालेली गुठळी विरघळतही नाही. त्या नवीन धागे विणायचं काम मंद करतात. गुठळी वाढायची थांबते आणि जुनं जाळं कापायला शरीराला सवड मिळते. खरोखर गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं निराळी. अटॅक, लकवा किंवा फुप्फुसातल्या जीवघेण्या गुठळीत ती देतात. लकव्यात तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच, म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की वाट बघायची नसते.

हेपॅरिन हे यातलं जुनं इंजेक्शन. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याच्या कामातून त्याचा शोध लागला. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात. गोळ्यांची कथा आणखी विलक्षण. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडातली गुरं रक्तस्रावानं मरू लागली. शोध घेतला तर सडलेलं गोड क्लोव्हर गवत त्याला कारण निघालं. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं, त्यापासून पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकारानंतर हेच औषध दिलं गेलं. आपल्याकडे त्याच जातीचं अॅसेनोकूमारॉल जास्त चालतं. एकच द्रव्य मात्रेवर विष आणि मात्रेवर औषध ठरतं, आणि ती मात्रा मोजायला माझी निळ्या झाकणाची नळी लागते.

त्या तपासणीचं नाव आयएनआर. रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो, त्याचा तो अंदाज. औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १. गुठळीच्या पेशंटचा २ ते ३ मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. माझ्या ओळखीतल्या, हृदयात धातूची झडप बसवलेल्या बायका अनेक वर्षं हे सांभाळतायत, आणि त्यांच्यासाठी आजही याच जुन्या गोळ्या, नव्या चालत नाहीत. त्यांच्याकडून मी शिकले की श्रावणात आयएनआर घसरतो. मासळी बंद होते, ताटात अळू, मेथी, माठ, पालक येतात. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडू नका. रोज साधारण तेवढीच खा, आणि महिना बदलला की रक्त तपासा. दाढ दुखली म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, जुलाबावरचं मेट्रोनिडॅझोल, कुणीतरी दिलेला काढा, यांनी आयएनआर भलतीकडे जातो किंवा रक्तस्राव होतो. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. शौचाला डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना, किंवा डोक्याला मार लागला तर लागलीच दाखवायचं. नवीन गोळ्या, म्हणजे रिव्हारॉक्सॅबॅन, अॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान, यांना आयएनआर लागत नाही, भाजीचं पथ्यही नाही. काकांना यातलीच एक दिली, तीन महिन्यांसाठी. ऑपरेशनसारखं कारण माहीत असेल तर बहुधा तीन महिने पुरतात. कारण सापडलं नाही किंवा कर्करोग असेल तर पुढेही चालू ठेवतात.

आता काकांचं वाक्य. "कंपनीनं कबूल केलंय."

हो, केलंय. अॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या न्यायालयात २०२४ च्या फेब्रुवारीत दिलेल्या कागदात मान्य केलं की त्यांच्या लसीमुळे अत्यंत क्वचित गुठळ्यांचा आणि प्लेटलेट घटण्याचा विकार होऊ शकतो. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली, तीच आपली कोव्हिशील्ड, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तीच घेतली. बातमी आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी फुटली. त्याच सुमारास प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो गेला. निवडणुकीची आचारसंहिता असल्यामुळे, असं मंत्रालयानं सांगितलं. मग ७ मे २०२४ रोजी युरोपातली त्या लसीची परवानगी कंपनीच्या अर्जावरून मागे घेतली गेली. मागणी उरली नाही, हे कंपनीचं कारण. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या तिन्ही गोष्टींची एकच गोष्ट झाली: पळाले.

पण कबुली नवी नव्हती. मार्च २०२१ मध्येच डेन्मार्क, नॉर्वे, जर्मनी या देशांनी ही लस थांबवली होती. एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचे आंद्रेयास ग्राइनाखर आणि नॉर्वेतले डॉक्टर यांनी हा विकार नेमका काय आहे ते प्रसिद्ध केलं, आणि ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपच्या औषध नियामकानं तो अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला.

हे इतक्या लवकर कळलं त्याचं कारण हेपॅरिन. हेपॅरिनमुळे काही थोड्या पेशंटमध्ये एक उलटा प्रकार घडतो, हे डॉक्टरांना अनेक वर्षं माहीत होतं. गुठळी रोखायला दिलेल्या औषधानंच गुठळ्या होतात, आणि प्लेटलेट मात्र घटत जातात. रक्तात पीएफ-४ नावाचं प्रथिन असतं. शरीर चुकून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्या अँटिबॉडी प्लेटलेटना चेतवतात, चेतवलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून वापरल्या जातात. म्हणून गुठळ्याही आणि तुटवडाही. लसीनंतरच्या पेशंटमध्ये हेच चित्र दिसलं, हेपॅरिन न देता. कोव्हिशील्ड निरुपद्रवी केलेल्या एडिनोव्हायरसवर, म्हणजे सर्दीसारखे आजार करणाऱ्या एका विषाणूवर, बसवून दिलेली लस आहे, आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या तशाच लसीनंतरही हा विकार दिसला.

या विकाराच्या खुणा ठळक आहेत. मुख्यतः पहिल्या डोसनंतर, साधारण चौथ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, कधी तीस हजारांच्याही खाली. डी-डायमर, म्हणजे फायब्रिनचं जाळं कापलं जाताना रक्तात सुटणारे तुकडे, प्रचंड वाढलेला. पीएफ-४ विरुद्धची अँटिबॉडी हजर. आणि गुठळ्या बऱ्याचदा भलत्या जागी: मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांत, पोटातल्या शिरांत. न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, झटका, पोटातली कळ, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. यात प्लेटलेट बाहेरून चढवणं टाळतात, हेपॅरिन टाळतात, दुसरी गुठळीविरोधी औषधं देतात, आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचा, मोठा डोस देतात. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या २२० पेशंटपैकी २२ टक्के दगावले. हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "काही नसतं हो, किरकोळ आहे" हेही खोटंच आहे. ज्यांच्या घरातलं माणूस यात गेलं, त्यांच्यासमोर "दुर्मीळ" हा शब्द जपून वापरायला हवा.

आता दुर्मीळ म्हणजे किती? ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्यांत पहिल्या डोसनंतर साधारण ५० हजारांत एक, पन्नाशीपुढे लाखात एक. म्हणून तिथे आधी तिशीच्या, मग चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस द्यायला लागले. भारतात केंद्राच्या समितीनं १७ मे २०२१ रोजी सांगितलं की ४९८ गंभीर प्रकरणं तपासली, त्यांत २६ गुठळीची असू शकतात, प्रमाण १० लाख डोसमागे ०.६१. वानखेडे काठोकाठ भरलेलं ३० वेळा डोळ्यांसमोर आणा, तेवढे झाले १० लाख. त्यात एकाहून कमी. माझं मत विचाराल तर तो नोंद झालेल्यांचा आकडा आहे. दुसऱ्या लाटेत डोकेदुखीनं घरी गेलेल्या माणसाच्या प्लेटलेट कुणी मोजल्या असतील, पीएफ-४ तर लांबच, असं मला वाटत नाही. खरा आकडा याहून मोठा असणार. पण ब्रिटनचा आकडा धरला तरी तो हजारो-लाखांत एकाचा राहतो.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय तोलता येत नाही. इंग्लंडमधल्या लस घेतलेल्या सुमारे २ कोटी ९० लाख लोकांच्या नोंदी तपासून ऑगस्ट २०२१ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: या लसीच्या पहिल्या डोसनंतर दर १ कोटी माणसांमागे शिरांतल्या गुठळीचे ६६ जास्तीचे पेशंट, आणि कोविड झाल्यानंतर दर १ कोटींमागे १२,६१४. कोविडनं स्वतःच रक्त गोठवलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये माझ्या निळ्या नळ्या संपायच्या, एवढे डी-डायमर रोज होत होते. ते दिवस आठवले की अजून छातीत गोळा येतो.

म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तारखेचा विचारते. लस ऑक्टोबर २०२१, पाय सुजला मे २०२४. अडीच वर्षं झाली. हा विकार आठवड्यांत येतो, वर्षांनी नाही. त्या अँटिबॉडी इतका काळ दबा धरून बसत नाहीत. दुसरा प्रश्न प्लेटलेटचा. काकांच्या होत्या दोन लाख साठ हजार. आणि गुठळी होती पायात, ऑपरेशननंतर पडून राहिल्यावर जिथे होते तिथेच.

"मग तरुण पोरं जिममध्ये, गरब्यात पडतायत ती?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. अशा मृत्यूंमागे बहुतेक वेळा हृदय असतं: धमनीतला अटॅक, हृदयाच्या ठोक्याचा बिघाड, जन्मजात दोष. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडनं रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात असा अचानक मृत्यू, मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम, आणि नशेचे पदार्थ.

बातमीनंतरच्या दोन आठवड्यांत आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी यायचं, "डी-डायमर करून द्या, लस घेतली होती." ही तपासणी अशी वापरायची नसते. तो वाढायला साधा ताप, जखम, बाळंतपण, नुसतं वय एवढंही पुरतं. डॉक्टरला गुठळीची शंका कमी असेल तेव्हा "नाही" म्हणायला ती उपयोगी. धडधाकट माणसानं भीतीनं करून घेतली आणि थोडी वाढलेली आली, तर हाती फक्त रात्रीची झोप जाते. मी कित्येकांना परत पाठवलं. काही दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन करून आले.

तरीही, लोकांना वेड्यात काढणाऱ्यांचा मला राग येतो. संशय आभाळातून पडलेला नाही. लस ऐच्छिक आहे असं सांगितलं गेलं, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय सर्वसामान्यांना लोकलमध्ये चढता येईना. ज्याची रोजी विरारहून दादरला येण्यावर आहे, त्याच्यासाठी याला ऐच्छिक म्हणत नाहीत. त्याच उन्हाळ्यात कांदिवलीच्या एका सोसायटीत बनावट लसीकरण शिबीर झालं. लोकांनी पैसे मोजून काय टोचून घेतलं, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असं सांगितलं. त्याच वर्षी, लसीनंतर दगावलेल्या मुलींच्या पालकांच्या याचिकेत केंद्रानं उत्तर दिलं की लस घेणं ऐच्छिक होतं, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा. ब्रिटनमध्ये लसीमुळे गंभीर अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास भरपाई देणारा कायदा १९७९ पासून आहे, रक्कम १ लाख २० हजार पौंड. लाखांत एकाला फटका बसणार हे आपण सगळ्यांच्या भल्यासाठी स्वीकारतो, तर त्या एकाच्या घराला सगळ्यांनी मिळून सावरायला नको?

सीरमनं २०२४ मध्ये सांगितलं की पॅकिंगमधल्या पत्रकात २०२१ मध्येच हा धोका छापला होता. असेलही. पण एका कुपीत दहा डोस असायचे. ते पत्रक केंद्रावरच्या खोक्यात राहिलं, दंड पुढे करणाऱ्या माणसाच्या हातात कधी आलंच नाही. आरोग्य मंत्रालयानंही मे २०२१ मध्ये कळवलं होतं की लसीनंतर २० दिवस अमुक लक्षणं दिसली तर दाखवा. आमच्या रांगेत मात्र अर्धा तास बसा आणि ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, एवढंच कानावर आलं.

माझी रोजची वाट परळच्या हाफकिन संस्थेवरून जाते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही हेच झालं होतं. आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसं मारतात अशा अफवांनी त्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं तिथे हल्ला केला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला ती लस टोचल्यावर १९ जण धनुर्वातानं मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेलं. पण कोणाला कोणत्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती. ते १९ जण एकाच बाटलीतले निघाले, आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता असंही पुढे आलं. १९०७ मध्ये ठपका दूर झाला. पाच वर्षं लागली, तरी सुटलं ते लिहून ठेवलेल्या तपशिलानं.

तुम्हालाही शंका असेल तर लिहून ठेवा: लसीची तारीख, लक्षण सुरू झाल्याची तारीख, मधे घेतलेली औषधं, ऑपरेशनं. लसीनंतर काही झालं तर जिथे टोचलं त्या केंद्राला किंवा महापालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवा. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. कळवलेलं मोजलं जातं, ग्रुपवर टाकलेलं जात नाही.

ऑगस्टमध्ये काकांकडे पुन्हा गेले. गोळ्या संपत आल्या होत्या, पाय बराच उतरला होता, शिवणयंत्र सुरू झालं होतं. मी त्यांना त्यांच्याच फाइलच्या मागे तीन तारखा लिहून दाखवल्या: डोस, हर्निया, सूज. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पटतंय. पण पूर्ण नाही पटत, ताई. तेव्हा सांगितलं असतं तर आज पटलं असतं."

मग आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, "सूनबाईला पाचवा महिना लागलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं म्हणतायत. मीच थांबवलंय."

मी सांगितलं की ती लस वेगळी, त्यात एडिनोव्हायरस नाही, आणि जखमेतून येणारा धनुर्वात आई आणि बाळ दोघांना मारतो. सून बाहेर आली, तिनं दवाखान्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. पहिल्या डोसची तारीख उलटून बारा दिवस झाले होते. काकांनी चष्मा लावला, कार्ड स्वतः वाचलं, आणि तिला विचारलं, "बुधवारी किती वाजता उघडतात?"